प्रवास विम्याची विक्री, कायदा आणि खानदेशातील प्रवासी

प्रवास विमा हा थोड्या दिवसांचा आणि थोड्या हप्त्याचा करार असल्यामुळे ग्राहक त्याच्याकडे तिकिटासोबत येणारी किरकोळ बाब म्हणून पाहतो, विक्रेता दोन वाक्यांत तो उरकतो आणि करारपत्र बहुधा कोणीच वाचत नाही. मात्र याच किरकोळ वाटणाऱ्या कराराभोवती संसदेचे कायदे, नियामकाचे विनियम, लोकपालाची यंत्रणा आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा ग्राहक आयोग असे भक्कम संरक्षण उभे आहे. हे संरक्षण एका अटीवर चालते. विमा नोंदणीकृत कंपनीचा, अधिकृत व्यक्तीकडून घेतलेला आणि प्रवाशाच्या स्वतःच्या नावाने निघालेला असला पाहिजे. ज्या विक्रीची अशी नोंद नाही तिथे यातली बरीचशी तरतूद निरुपयोगी ठरते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील लोक ज्या रीतीने प्रवासाला निघतात ती रीत पाहता ही अट नेमकी कुठे निसटते आणि ती निसटू नये म्हणून काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

खानदेशातील लांबचा प्रवास बहुतांशी सामूहिक असतो. गावातील किंवा तालुक्यातील एखादा यात्रा आयोजक पन्नास-शंभर माणसे जमवतो, भुसावळ किंवा जळगावहून रेल्वेचे आरक्षण करतो, पुढच्या टप्प्यासाठी परराज्यातील खासगी बस ठरवतो आणि जेवण, मुक्काम, दर्शन यांची एकत्रित रक्कम घेतो. काशी, अयोध्या, गया, चारधाम या मार्गांना जोडून नेपाळमधील पशुपतिनाथ, पोखरा आणि मुक्तिनाथ ही ठिकाणेही अशा यात्रांत सहज येतात. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही सीमा ओलांडता येते, त्यामुळे आपण परदेशात जात आहोत ही जाणीव यात्रेकरूला होत नाही आणि परदेश प्रवासाचा विमा घ्यावा हा विचारही कोणी सुचवत नाही. 23 ऑगस्ट 2024 रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक वरणगाव, तळवेल, दर्यापूर आणि भुसावळ परिसरातील होते. दुसऱ्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या विमानाने मृतदेह नाशिकला आणण्यात आले आणि तेथून ते गावोगावी पोहोचवले गेले. दुर्घटना मोठी असल्यामुळे केंद्र आणि राज्य सरकारची यंत्रणा तातडीने हलली. परंतु एखादा यात्रेकरू काठमांडूत एकटाच हृदयविकाराने दगावला किंवा पाय मोडून रुग्णालयात पडला, तर कोणतेही विमान पाठवले जात नाही आणि उपचाराचा, परतीचा किंवा पार्थिव आणण्याचा सगळा खर्च कुटुंबावर पडतो. परदेश प्रवास विम्यात वैद्यकीय उपचार, आपत्कालीन स्थलांतर आणि पार्थिव मायदेशी आणणे या खर्चांसाठी स्वतंत्र तरतूद असते ती अशाच प्रसंगांसाठी.

विम्याचे नियमन कोण करते, हे आधी समजून घ्यावे लागते, कारण तक्रार चुकीच्या दारी नेण्यात महिने जातात. विमा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत 47 व्या क्रमांकावर आहे. म्हणजे विमा कंपन्यांना परवाना देणे, त्यांच्या योजनांना मान्यता देणे किंवा विक्रेत्यांवर कारवाई करणे हे अधिकार राज्य सरकारकडे नाहीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडेही नाहीत. मूळ कायदा 1938 चा विमा अधिनियम आहे आणि त्याची अंमलबजावणी 1999 च्या अधिनियमाने अस्तित्वात आलेले, हैदराबाद येथे मुख्यालय असलेले भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे बोलण्यातले ‘इर्डा’, करते. 2015 च्या दुरुस्तीने या अधिनियमात आरोग्य विमा व्यवसायाची जी व्याख्या आली, तिच्यात आजारपण आणि रुग्णालयाचा खर्च यांच्या जोडीला व्यक्तिगत अपघात व प्रवास संरक्षण यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रवास विमा सर्वसाधारण विमा कंपनी किंवा केवळ आरोग्य विमा करणारी कंपनी देऊ शकते. आयुर्विमा कंपनी तो स्वतःच्या नावाने देऊ शकत नाही आणि प्रवास कंपनी, पतसंस्था, ट्रस्ट किंवा मंडळ यांना तर तो मुळीच देता येत नाही. अमेरिकेत याउलट रचना आहे. तेथे 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन मुख्यतः घटकराज्यांवर सोपवले असून प्रत्येक राज्याचा विमा आयुक्त वेगळा असतो. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत जाणाऱ्या जळगाव-धुळ्यातील आईवडिलांसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण मुलाने तेथूनच अमेरिकी कंपनीची पॉलिसी काढून दिली असेल तर तिच्याविषयीची तक्रार पुण्यातील विमा लोकपालाकडे किंवा हैदराबादच्या प्राधिकरणाकडे करता येत नाही. तिचा निवाडा त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार होतो.

विकणारा कोण, विकले काय

कंपनीच्या वतीने विमा विकण्याचा अधिकार मोजक्याच प्रकारच्या व्यक्तींना आणि संस्थांना आहे. कंपनीने नेमलेला वैयक्तिक एजंट, बँकेसारखा कॉर्पोरेट एजंट, ग्राहकाच्या बाजूने अनेक कंपन्यांच्या योजना दाखवणारा ब्रोकर आणि ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ हे त्यांतील नेहमी भेटणारे प्रकार होत. यांतला शेवटचा प्रकार लहान गावांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण दहावी उत्तीर्ण व्यक्तीला अल्प प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर काही सोप्या, ठरावीक योजना विकण्याची मुभा त्यातून मिळते आणि या योजनांत प्रवास विमा येतो. अशा व्यक्तीने विकलेल्या पॉलिसीशी तिचा आधार किंवा पॅन क्रमांक जोडलेला असावा लागतो, म्हणजे विक्री कोणी केली हे नंतर शोधता येते. तिकिटे काढून देणारा किंवा यात्रा नेणारा माणूस यांपैकी कोणत्याही नात्याने नोंदलेला नसेल, तर तो विम्याची माहिती देऊ शकेल, पण विम्याचा विक्रेता म्हणून हप्ता घेण्याचा त्याला अधिकार नाही. त्याचे ओळखपत्र मागणे यात उद्धटपणा नाही. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींमुळे जळगाव जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी जे सोसले, त्यानंतर ओळखीच्या माणसाकडेही कागद मागायला संकोच वाटू नये.

यात्रेच्या पत्रकावर ‘विमा समाविष्ट’ असे छापलेले असते, तेव्हा त्याचे दोन वेगळे अर्थ होऊ शकतात. पहिला असा की आयोजकाने नोंदणीकृत कंपनीकडून समूह पॉलिसी घेतली असून प्रत्येक यात्रेकरूचे नाव तिच्या यादीत आहे. या प्रसंगी प्रत्येकाला विमा प्रमाणपत्र मिळाले पाहिजे आणि कंपनीने आकारलेल्या हप्त्यापेक्षा जास्त रक्कम विम्याच्या नावाखाली आयोजकाला वसूल करता येत नाही. दुसरा अर्थ असा की बसमालकाने वाहनाचा सक्तीचा विमा काढलेला आहे आणि आयोजक त्यालाच यात्रेकरूंचा विमा म्हणतो. वाहनाच्या विम्यातून अपघातातील भरपाईचा मार्ग मोकळा होतो हे खरे, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जावे लागते, दावा सिद्ध करावा लागतो आणि आजारपण, चुकलेली गाडी, हरवलेले सामान, परदेशातील रुग्णालय यांच्याशी त्या विम्याचा काही संबंध नसतो. या दोन अर्थांतला फरक निघण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावा. त्यासाठी आयोजकाला एकच गोष्ट मागावी, ती म्हणजे स्वतःचे नाव, पॉलिसी क्रमांक, कंपनीचे नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख आणि संरक्षणाची भौगोलिक हद्द लिहिलेला कागद. असा कागद मिळत नसेल तर विमा नाही असे समजून स्वतःचा विमा स्वतः काढणे शहाणपणाचे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची प्रवास आयोजकांना मान्यता देण्याची योजना ऐच्छिक आहे, त्यामुळे आयोजकाकडे मान्यतापत्र नसणे हा गुन्हा नाही. पण पत्रकात विम्याचे आश्वासन देऊन तो न काढणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, म्हणून ते पत्रक आणि पैसे दिल्याची पावती परत येईपर्यंत घरी जपून ठेवावी.

1938 च्या अधिनियमातील कलम 64 व्हीबी प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायला हवे. हप्त्याची रक्कम आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये, असे हे कलम सांगते, आणि एजंटने हप्ता घेतला असेल तर सुट्टीचे दिवस सोडून 24 तासांच्या आत तो कंपनीकडे पूर्ण स्वरूपात पाठवावा असेही त्यात म्हटले आहे. ‘पैसे यात्रेहून आल्यावर द्या, विमा मी काढून ठेवतो’ हे आपुलकीचे वाक्य म्हणूनच कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. हप्ता शक्यतो थेट कंपनीच्या नावाने, यूपीआय किंवा बँकेमार्फत भरावा आणि पॉलिसी निघाल्याचा संदेश आपल्याच मोबाइलवर आला आहे याची खात्री करावी. कमिशनमधला काही भाग ग्राहकाला परत देऊन विमा घेण्यास प्रवृत्त करणे कलम 41 ने निषिद्ध आहे. असे आमिष दाखवणारा विक्रेता बाकीच्या बाबींतही नियम पाळत असेल यावर विश्वास ठेवणे कठीण.

पॉलिसीच्या कागदावर योजनेचा विशिष्ट ओळख क्रमांक, ज्याला यूआयएन म्हणतात, छापलेला असतो. प्राधिकरणाकडे नोंदलेल्या योजनेलाच हा क्रमांक मिळत असल्यामुळे तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो आणि बनावट पॉलिसी ओळखण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. 2024 मध्ये प्राधिकरणाने पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे नवे विनियम आणले. त्यांनुसार करारातील मुख्य लाभ, वगळलेल्या बाबी, दाव्याची पद्धत आणि तक्रारीची जागा साध्या भाषेत सांगणारे ग्राहक माहितीपत्रक कंपनीने द्यायचे आहे, आणि आरोग्य विम्याबाबत ग्राहकाने इच्छा व्यक्त केल्यास ते स्थानिक भाषेत मिळण्याची तरतूद आहे. मराठीतील माहितीपत्रक मागण्याचा हा हक्क फारसा कोणी वापरत नाही. तो आवर्जून वापरावा, कारण इंग्रजी कागदावर सही करणाऱ्या ज्येष्ठ यात्रेकरूंची संख्या खानदेशात मोठी आहे आणि वाद निर्माण झाल्यावर ‘आम्हांला समजले नव्हते’ हे सिद्ध करणे अवघड जाते.

पडद्यावरची विक्री

विमान, रेल्वे किंवा खासगी बसचे तिकीट मोबाइलवर काढताना विमा वेगळ्याच पद्धतीने विकला जातो. तेथे विक्रेता बोलत नाही. पडद्याची रचनाच बोलते. आधीच खूण केलेली चौकट, लक्षात न येणाऱ्या आकारात लिहिलेली रक्कम आणि ‘विमा नको’ म्हणणाऱ्याला अपराधी वाटेल असे शब्द यांच्या मदतीने ग्राहकाची संमती मिळवली जाते. प्राधिकरणाने 2019 मध्येच विमा कंपन्या आणि त्यांच्या मध्यस्थांना बजावले होते की पोर्टल किंवा ॲपवर प्रवास विम्याचा पर्याय आधीच निवडलेला असू नये, ग्राहकाने तो स्वतः निवडला पाहिजे. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील युक्त्या, यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा तेरा युक्त्यांची उदाहरणांसह यादी दिली. तिकिटाच्या रकमेत विमा परस्पर घुसवणे हे त्यांतील ‘बास्केट स्नीकिंग’चे उदाहरण आहे, तर विमा नाकारणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायला लावणे हे ‘कन्फर्म शेमिंग’चे. दोन्ही उदाहरणे विमान तिकिटाच्या विक्रीतून घेतलेली आहेत, यावरून ही प्रथा किती रुजली होती ते दिसते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2012 मध्ये विमान तिकिटासोबतच्या विम्याबाबत हाच निर्णय दिला होता की तो ग्राहकाने स्वतः निवडलेला असला पाहिजे, नाकारण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये.

ग्राहकाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पडद्यावर रकमेची फोड उघडून पाहावी, नको असलेला विमा काढून टाकावा, आणि न मागता तो लागला असेल तर त्या पडद्याचे छायाचित्र घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विमा घेतल्यानंतर 30 दिवसांत तो परत करून हप्ता माघारी मिळवण्याची जी ‘फ्री लुक’ सवलत आरोग्य आणि आयुर्विम्याच्या संदर्भात ऐकू येते, ती एक वर्ष किंवा त्याहून अधिक मुदतीच्या पॉलिसींसाठी आहे. दहा-वीस दिवसांच्या प्रवास विम्याला ती लागू होत नाही आणि तो रद्द करण्याचे नियम करारात दिलेले असतील तेवढेच राहतात. म्हणून घाईने घेतलेला प्रवास विमा नंतर सहज परत करता येईल, या भरवशावर राहू नये.

रेल्वे, एसटी आणि विम्याबाहेरची भरपाई

रेल्वेच्या ई-तिकिटासोबत मिळणारा ऐच्छिक विमा सप्टेंबर 2016 पासून सुरू आहे आणि त्याचा हप्ता एक रुपयाहूनही कमी आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये, कायमच्या आंशिक अपंगत्वासाठी साडेसात लाखांपर्यंत आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी 2 लाखांपर्यंत असे त्याचे स्वरूप आहे. इतक्या अल्प मोलात इतके संरक्षण दुसरीकडे मिळत नाही, त्यामुळे हा विमा नाकारण्याचे कारण दिसत नाही. परंतु तो खिडकीवर काढलेल्या तिकिटाला नाही, जनरल डब्याच्या तिकिटाला नाही आणि प्रतीक्षा यादीतच राहिलेल्या प्रवाशालाही नाही. तिकीट काढल्यानंतर विमा कंपनीकडून येणाऱ्या दुव्यावर जाऊन नामनिर्देशन करायचे असते. म्हणजे आपल्या पश्चात रक्कम कोणाला द्यावी त्या वारसाचे नाव लिहायचे असते. भुसावळ, जळगाव किंवा चाळीसगावात एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांच्या बाबतीत हा दुवा बऱ्याचदा एजंटच्याच मोबाइलवर जातो, प्रवाशाला त्याची गंधवार्ताही नसते आणि नामनिर्देशन रिकामे राहते. नामनिर्देशन नसल्याने विम्याची रक्कम बुडत नाही, मात्र कायदेशीर वारस सिद्ध करण्याची कागदपत्रे गोळा करण्यात कुटुंबाचा जीव मेटाकुटीला येतो. तिकिटावर स्वतःचाच मोबाइल क्रमांक नोंदवण्याचा आग्रह धरावा.

जनरल डब्यातून जाणाऱ्यांचा प्रश्न 22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ अत्यंत दुःखद रीतीने पुढे आला. लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढून गाडी थांबल्यावर प्रवाशांनी शेजारच्या रुळांवर उड्या घेतल्या आणि त्याच वेळी आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जण मृत्युमुखी पडले. अनारक्षित तिकिटाला ऐच्छिक विमा नसल्यामुळे तसा प्रवासी उघड्यावर असतो, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. 1989 च्या रेल्वे अधिनियमाचे कलम 124 आणि 124 अ यांनुसार रेल्वे अपघात किंवा ‘अप्रिय घटना’, उदाहरणार्थ चालत्या गाडीतून अपघाताने पडणे, यांत वैध तिकीटधारकाचा मृत्यू झाल्यास चूक कोणाची याची पडताळणी न करता भरपाई देण्याची जबाबदारी रेल्वेवर आहे आणि मृत्यूसाठी ही रक्कम 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, नशेतील कृत्य, स्वतःचा गुन्हा आणि नैसर्गिक आजार यांसारखे अपवाद सोडले, तर हा हक्क जनरल डब्यातील प्रवाशालाही आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत करायचा असतो, आणि तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याची रक्कम, कायद्याची भरपाई आणि सरकारने जाहीर केलेले सानुग्रह साहाय्य ही तीन वेगवेगळी खाती आहेत. सानुग्रह साहाय्य मिळाले म्हणून उरलेल्या दोन हक्कांवर पाणी सोडण्याचे कारण नाही.

राज्य परिवहन महामंडळाने एप्रिल 2016 पासून तिकिटामागे एक रुपया अधिभार घेऊन अपघात साहाय्य योजना सुरू केली आणि तिच्यात मृत्यूसाठी 10 लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद केली. इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी बस 18 जुलै 2022 रोजी मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली, तेव्हाही मृतांच्या वारसांसाठी 10 लाखांची मदत जाहीर झाली होती. एसटीचे तिकीट प्रवास संपताच फेकून देण्याची सवय या दृष्टीने घातक आहे. याशिवाय बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये वजा होत असतील, तर त्या खातेदाराला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख रुपयांचे अपघाती संरक्षण आहे, याचा अनेक कुटुंबांना पत्ताच नसतो. पासबुकातील ती नोंद मे-जूनमध्ये सापडते.

करारात काय वाचावे

संपूर्ण करार वाचणे अनेकांना शक्य होणार नाही, पण काही बाबी पाहिल्यावाचून निघू नये. पहिली बाब भौगोलिक हद्दीची आहे. देशांतर्गत प्रवास विमा सोनौली किंवा रक्सौलची सीमा ओलांडली की संपतो, म्हणून काशी-नेपाळ अशा जोडयात्रेसाठी नेपाळचे नाव असलेले संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असल्यामुळे तेथे जाणारा प्रवासी आपोआप विमाधारक होतो. नेपाळला जाणाऱ्यावर अशी सक्ती नाही आणि त्यामुळे काळजी त्याने स्वतःच घ्यायची आहे. डोंगराळ प्रदेशातील ठरावीक उंचीच्या वरचा प्रवास, घोडा किंवा हेलिकॉप्टर, साहसी खेळ या गोष्टी काही करारांत वगळलेल्या असतात. केदारनाथ किंवा मुक्तिनाथ ठरवणाऱ्याने हे कलम शोधून वाचावे. परदेशी उपचारांच्या खर्चातील सुरुवातीचा काही भाग प्रवाशाने सोसायचा असतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात, आणि साठीनंतरच्या प्रवाशांसाठी एकूण रक्कम मोठी दिसली तरी खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांचे शुल्क यांवर अनेकदा स्वतंत्र मर्यादा घातलेल्या असतात. मोठी रक्कम पाहून हुरळून न जाता या उपमर्यादांची बेरीज करावी.

सर्वांत जास्त वाद पूर्वीपासून असलेल्या आजारांवरून होतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची जुनी शस्त्रक्रिया या गोष्टी प्रस्तावपत्रात लिहिल्या तर हप्ता वाढेल किंवा विमाच मिळणार नाही, या भीतीने त्या लपवल्या जातात, आणि कधी कधी विक्रेताच ‘तिथे नाही लिहा’ असा सल्ला देतो. विमा करार परिपूर्ण सद्भावनेवर उभा असतो, म्हणजे जोखीम ठरवायला लागणारी प्रत्येक महत्त्वाची माहिती ग्राहकाने आपण होऊन सांगायची असते. ती लपवली तर कंपनीला दावा नाकारण्याचे सबळ कारण मिळते. उलट माहिती दिलेली असेल तर कायदा ग्राहकाच्या बाजूने ठाम उभा राहतो. अमेरिकेत पोहोचताच हृदयविकाराचा झटका आलेल्या एका प्रवाशाच्या परदेश प्रवास विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये असा निर्णय दिला की ग्राहकाने सांगितलेली प्रकृतीची स्थिती जाणून घेऊन कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की त्याच स्थितीचे कारण पुढे करून तिला दावा नाकारता येत नाही. प्रस्तावपत्र दुसऱ्याने भरले असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी आणि चूक असल्यास निघण्यापूर्वीच कंपनीला लेखी कळवावे.

प्रवासात काही घडले तर मदत केंद्राला ताबडतोब फोन करणे, हरवलेल्या सामानाचा विमान कंपनीकडून लेखी अहवाल घेणे, चोरीची पोलिसांत नोंद करणे आणि रुग्णालयाची मूळ बिले, निदानाचे कागद आणि प्रवासाची तिकिटे जपणे यांवरच दावा उभा राहतो. पॉलिसीची एक प्रत घरच्या माणसाकडे असावी. ती प्रवाशाच्या खिशातच राहिली आणि प्रवासीच बेशुद्ध पडला, तर तिचा उपयोग कोणाला होणार?

दावा नाकारला गेल्यास

दावा नाकारला किंवा अर्धाच मंजूर झाला, तर कंपनीकडून कारण लेखी घ्यावे आणि त्यावर तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित आहे. प्राधिकरणाचे ‘बिमा भरोसा’ हे पोर्टल आणि 155255 हा निःशुल्क दूरध्वनी यांवरही तक्रार नोंदवता येते, पण प्राधिकरण ती कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते, स्वतः निवाडा देत नाही, हे ध्यानात ठेवावे. निवाड्यासाठी पहिला मार्ग विमा लोकपालाचा आहे. 2017 च्या नियमांनुसार चालणाऱ्या या यंत्रणेत जळगाव आणि धुळे हे जिल्हे पुण्याच्या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. शुल्क नाही, वकील लागत नाही, समूह पॉलिसीतील सदस्यालाही तक्रार करता येते, दूरदृश्य प्रणालीवर सुनावणी होऊ शकते, आणि 2023 पासून 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा लोकपालाला अधिकार आहे. कंपनीने नकार दिल्यावर किंवा महिनाभर उत्तरच न दिल्यावर एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल तर पुढचा मार्ग खुला राहतो. मात्र ग्राहक आयोगात प्रकरण आधीच दाखल झाले असेल तर लोकपाल ते ऐकत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे, आणि प्रवास विम्याच्या ग्राहकाला तो 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विलक्षण सोयीचा करून दिला आहे. आयोगाची अधिकारमर्यादा आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते. प्रवास विम्याचा हप्ता काहीशे किंवा काही हजार रुपये असल्यामुळे दावा कितीही लाखांचा असला तरी प्रकरण जिल्हा आयोगातच चालते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क लागत नाही. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो किंवा चेन्नईत, तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथील आयोगात दाद मागता येते. यावल किंवा साक्रीच्या ग्राहकाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विमा न काढणारा यात्रा आयोजक, परस्पर विमा लावणारे पोर्टल आणि दावा नाकारणारी कंपनी या तिघांविरुद्धही येथे जाता येते, तर लोकपालाकडे केवळ विमा कंपनी आणि तिचे मध्यस्थ यांच्याविषयीच बोलता येते.

अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दुःखात बुडालेल्या घरात कोणाला कागद काढायचे भान नसते, आणि मुदती मात्र त्याच दिवसापासून मोजल्या जातात: सुरक्षा विमा योजनेचा अर्ज बँकेकडे शक्यतो 30 दिवसांत, मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांत, रेल्वेचा दावा वर्षभरात. एकाच गावातील अनेक यात्रेकरू दगावतात तेव्हा ही कामे प्रत्येक कुटुंबाने एकट्याने करण्याऐवजी ग्रामपंचायतीने, सोसायटीच्या सचिवाने किंवा गावातील शिक्षकांनी मृतांची आणि जखमींची एकत्र यादी करून प्रत्येकाच्या पासबुकातील नोंद, तिकीट, यात्रेची पावती आणि विमा प्रमाणपत्र तपासले, तर ज्याला आपला हक्क ठाऊकही नव्हता असे एखादे घर सुटून जाणार नाही. जळगाव आणि धुळे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे पात्र कुटुंबांना या कामी विनामूल्य वकील देतात. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.